यादीतला दुसरा टीव्ही

रोज दुपारी दोनच्या सुमारास माझा व्हिडिओ कॉल अडकायचा. अंबडला घरी बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करायचं म्हणजे सगळं पोट वायफायवर. लाइनवाल्याला बोलावलं, तर लाइन ठणठणीत. महिन्याचा डेटाही वाढलेला नव्हता. शेवटी राउटरचं पान उघडलं आणि वायफायला काय काय जोडलंय त्याची यादी पाहिली. माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधून एक टीव्ही भराभर व्हिडिओ ओढत होता. घरातल्या घरात फिरणारा डेटा महिन्याच्या डेटात मोजला जात नाही, वायफाय मात्र तुंबवतो. आमचा टीव्ही तर बंद होता, त्याच्यासमोर वडील घोरत होते. यादीत टीव्ही दोन होते.

त्या कॉम्प्युटरमध्ये लग्नाबिग्नाचं बरंच काही होतं, पण मला आठवला तो एकच व्हिडिओ. कॅन्सरच्या औषधांनी केस गेल्यावर आईनं भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायला लावलं. "हे डोकं कुणाला दाखवायचं न्हाई," म्हणायची. एकदा ती मेथी निवडत असताना मी गुपचूप मोबाईल धरला आणि पकडला गेलो. माझी शपथ आहे, कुणाला दाखवू नको, असं त्या व्हिडिओच्या शेवटीच ती म्हणते. मेलेल्या माणसाची शपथ लागत नाही म्हणतात. मला ती आई गेल्यापासून जास्तच लागते.

आणि मी शहाण्यानं काय केलं? वडिलांना टीव्हीवर पासवर्ड टाकता येत नाही म्हणून त्या कॉम्प्युटरमधली व्हिडिओंची अख्खी लायब्ररी वायफायवरच्या सगळ्यांना खुली केली. आमच्या गल्लीत वायफायचा पासवर्ड आल्यागेल्याला पाण्याच्या तांब्यासारखा दिला जातो, हे माहीत असून!

आईचं ते उघडं डोकं कुणाच्या घरात दिसत असेल? कोण हसत असेल? सगळं बंद करायला एक टिचकी पुरली असती, पण कोण बघतंय हे कळल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. आमचं वायफाय पोचतं ते भिंतीपलीकडच्या एकाच घरात.

तिथं खाला राहतात. आईची मैत्रीण. दोघींच्या भाजीच्या वाट्या भिंतीवरून इकडून तिकडं जायच्या. शेवटच्या दिवसांत त्या दोनदा आल्या होत्या. दोन्ही वेळा त्यांना दारातून परत पाठवणारा मीच.

दार नुसतं लोटलेलं होतं. खाला खाटेवर बसलेल्या, आणि समोर आई मेथी निवडत होती.

"आपोआप दिसलं बेटा," त्या दचकून उठल्या. "बटणं दाबून राह्यलते, तर ही समोर."

"शेवटी ती काय म्हणते, ते ऐकलं का?" मी विचारलं.

"पह्यल्या दिवशी ऐकलं. मंग रोज त्याच्या आधीच बंद करते." त्यांनी रिमोट माझ्यापुढं धरला. "आज तू हायेस. तूच ठरव."

पडद्यावर आईनं मान वर केली. आता ती माझ्याकडं बघणार होती, आता बोलणार होती. स्वतःच्या आईची इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

मी बटण दाबलं, ती बोलायच्या आत.

दोन ते तीन मी आता कॉल ठेवत नाही. रोज दोन वाजले की छातीत धडधडतं, आणि राउटरच्या यादीत तो दुसरा टीव्ही दिसेपर्यंत थांबत नाही.