मिठाचा बटवा

माझ्या जाऊबाईंच्या आईइतकी बेशिस्त स्वयंसेविका उभ्या नाशकात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकी कामाचीही नाही. सरकारी दवाखान्याच्या आवारात आम्ही काही बायका संध्याकाळी रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण वाढतो. पोळ्या कोणी करायच्या, वाढायला कोण, भांड्यांना कोण, हे मी ठरवते. या मावशींनी त्यातलं काही कधी ऐकलं नाही. माहेर-सासर दोन्ही चांदवडकडचं, त्यामुळे कांद्यावर जन्मसिद्ध मालकी. भाजीसाठी आणलेले निम्मे कांदे त्या बुक्कीने फोडून रांगेतच वाटून टाकत. एप्रन दिला तर त्याची चुंबळ करून पातेल्याखाली ठेवला. बिल्ला दिला तर म्हणाल्या, "मी काय हरवणार हाय का?"

पण कहर म्हणजे त्यांच्या हातची आमटी. ती कायम अळणी.

"मावशी, मीठ कमी पडलंय."

"पडू द्या. बटवा हाय ना माझ्याकडं."

मग कमरेच्या बटव्यातून प्रत्येकाच्या ताटात चिमूटभर मीठ सोडायचं आणि सोडता सोडता विचारायचं, "आत कोण हाय? डॉक्टर काय म्हणले?" एका चिमटीला एक कहाणी. रांग पार फाटकापर्यंत. शेवटी रखवालदाराने बजावलं, रुग्णवाहिका अडतात, रांग आवरा, नाहीतर आवाराबाहेर जा. बाहेर वाहता हमरस्ता. तिथे वाढणं म्हणजे काम बंदच.

दुसऱ्या दिवशी मीठ मी स्वतः घातलं, अगदी बेताचं. रांग भराभर सरकली. रखवालदार खूश, मीही खूश. तेवढ्यात मालेगावचा एक विणकर ताट घेऊन मावशींपुढे थांबला. त्याची बायको आत होती.

"मावशी, नमक द्या ना."

"आज लागत नाय, बाबा. ताईंनी घातलंय."

तो हलेना. "थोडं द्याच. आज ऑपरेशन झालं तिचं. अजून डोळे नाही उघडले."

मावशींनी बटवा सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खा रे. तुला खारट चालंल. ताईंच्या रांगेला चालत नाय."

त्या रात्रीच मी नवी व्यवस्था लावली. रांगेत फक्त वाढायचं. माणसं जिथे जेवायला टेकतात त्या कडुनिंबाखाली मावशींनी बटवा घेऊन फिरायचं. आमटी पुन्हा अळणी, फाटक मोकळं. "हे आधी नाय सुचलं व्हय?" मावशींकडून मला मिळालेली ही एकमेव शाबासकी, आणि ती मी अजून मिरवते. विणकराची बायको बरी होऊन निघाली, तेव्हा दोघं घरी जायच्या आधी त्या झाडाखाली आली होती.

गुडघे बोलू लागल्यापासून मावशी चांदवडलाच असतात. बटवा मात्र इथेच ठेवून गेल्या. आमच्यात नव्या मुली येतात, हौसेने आमटी चाखतात आणि हळूच सांगतात, "काकू, मीठ विसरलात."

मी बटवा त्यांच्या हातात देते आणि झाडाकडे बोट दाखवते.