मालिका बघणाऱ्या मावशी

लातूरला आमच्या शेजारच्या मावशींचं प्रत्येक मालिकेवर, नव्या सिनेमावर ठाम मत असायचं. एका वर्षी मोठा दुष्काळ पडला होता; पाण्याच्या टँकरची वाट बघत आम्ही बसलो, की त्या कालचा भाग सांगायच्या आणि लगेच निकाल द्यायच्या. "लिहिणाऱ्याला सुना रडवायची लई हौस हाय बघा." सिनेमातल्या हिरोलाही त्यांनी सोडलं नाही. "मारामारी भारी करतंय, पण आईला एकदाबी जेवलीस का म्हणत न्हाई."

एका संध्याकाळी समोरच्या घरची नवी सून पाय घसरून पडली आणि भरलेली घागर रस्त्यावर सांडली. सासूनं तिला बाहेरच ठेवून दार लावून घेतलं. गल्लीतले सगळे आपापल्या दारात उभे राहून बघत होते. मावशींची मालिका ऐन रंगात आली होती. ती तशीच सोडून त्या आपली भरलेली घागर कमरेवर घेऊन निघाल्या आणि त्यांनी समोरचं दार वाजवलं.

"अक्का, हे पाणी घ्या," त्या म्हणाल्या, "अन् लेकराला आत घ्या."

टँकर पुन्हा कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सासूनं घागरीला हात लावला नाही, पण बाजूला सरून सुनेला वाट दिली. मावशींनी घागर उंबऱ्यावर ठेवली आणि त्या रिकाम्या हातानं घरी आल्या.