पांघरलेलं कातडं

मी ढोरांचा डॉक्टर. कागदावर नुसता पट्टीबंधक, दवाखान्यात जखमा बांधणारा. पण गावाला काय, सुई टोचतो तो डॉक्टर! मूळचा बार्शीटाकळीचा, नोकरी मेळघाटाच्या पायथ्याशी. डोकं गरम आणि हात हलका, अशी माझी ख्याती होती.

वर्षं नापिकीची. लंगडा बैल आठ दिवस गोठ्यात बसवणं कुणालाच जमत नव्हतं. "डाक्टर, उद्या वखर चालली पाह्यजे," एवढंच ऐकू यायचं. आणि माझ्याजवळ दुखणं मारणारं डायक्लोफेनॅक होतं. संध्याकाळी टोचलं की सकाळी बैल उभा! जनावरांना ते द्यायला बंदी आली होती. ते अंगात असताना ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं जातात. हे मला ठाऊक होतं. तरी मी माणसांसाठीची बाटली आणायचो. बैल जगवू की गिधाडं, असा माझा तोरा.

मेलेली ढोरं गावाबाहेर पडीक जागेत टाकत. त्यांचं कातडं काढणारे, हाडं गोळा करणारे एक म्हातारे चाचा होते. तिथल्या नाल्यावर अर्जुनाचं झाड, त्यावर पाच गिधाडं. आधी इतकी असत की फांदी दिसत नसे, असं चाचा सांगायचे.

एका सकाळी चाचांनी एका गुराख्याबरोबर निरोप धाडला, "डाक्टरले म्हना, लवकर ये." मी तणतणत गेलो. मी परवा टोचलेला बैल रात्री मेला होता. चाचांनी त्याचं कातडं काढलं होतं आणि काढलेलं कातडं पुन्हा त्याच्याच अंगावर पांघरलं होतं! वर बाभळीच्या फांद्या. स्वतः काठी घेऊन उन्हात बसलेले. ताज्या कातड्याला लगेच मीठ लागलं नाही तर ते कामातून जातं, हे पोरालाही कळतं.

"काहून बोलावलं चाचा? येड लागलं काय?"

त्यांनी मानेजवळचं कातडं उचललं. मांसात काळंनिळं रक्त साकळलं होतं. "ही तुमची सुई. सुईवाल्या ढोरावर बसलेले गिधाडं चार रोजानं मान टाकून मरतात. मी उचलले आहेत. सगळ्या सुया तशा नसतात म्हनतात. मले अंगठेबहाद्दराले काय समजते? तुमी सांगसान ते खरं. दुसरी असंल तं मी कातडं उचलतो आन् जातो."

बापरे! त्यांना औषध ओळखता येत नव्हतं. 'दुसरी होती' म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. गुराखी शेजारीच उभा होता. खरं बोललो तर संध्याकाळपर्यंत गावभर. वर झाडावर पाचही गिधाडं माना काढून बसलेली. खोटं जिभेवर आलं होतं, खरंच सांगतो. पण चाचा माझ्याकडे असे पाहत होते, जणू माझ्या शब्दावर शंका घ्यायचा प्रश्नच नाही.

"तेच होतं चाचा," मी म्हणालो. "चुकलं माझं."

चाचा काठी टाकून उठले. "चला मंग, खड्डा करू." काळी माती तापून दगड झालेली. कुदळ त्यांची, फावडं माझं, गुराख्यानंही हात लावला. दुपार कलली तेव्हा बैल पुरला. कातडंही त्याच्याबरोबरच गेलं. मी त्याचा विषय काढला तर म्हणाले, "राहू द्या. तुमी खरं बोलले ना!"

त्या बाटल्या मी दुसऱ्या दिवशी मातीत ओतल्या. पुढे गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम वापरलं. बैल दोन दिवस उशिरा उठायचे, लोक शिव्या द्यायचे; खाल्ल्या. गावात माझी बदनामी झाली नाही. चाचांनी गुराख्याला काय सांगितलं होतं, ते मला कधीच कळलं नाही.

आज चाचा नाहीत. त्यांचे उपकार मी कुठे फेडू? त्या संध्याकाळी मातीच्या ढिगाशी आम्ही बसलो असताना पाचही गिधाडं झाडावरून उठली, डोक्यावरून एक घेर घेतला आणि डोंगराकडे उपाशीच गेली. कुणी उपाशी गेल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.