कोन बोललं?

आमच्या वॉर्डातल्या वाचनालयाचे शिपाई काका पेपरावर कुणी शब्दकोडं सोडवलं तरी खेकसतात, "तुह्या बापाचा पेपर हाय का?" बातमी वाचून दाखवली की त्यांचा एकच प्रश्न असतो, "कोन बोललं?"

परवा पेपरात हवेतला कार्बन कमी करण्यावर चर्चा होती. धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, कमी हवेत जाळून कोळसा करायचा आणि तो शेतात गाडायचा. मथळा होता 'दोन्ही बाजू'. एक बाजू कंपनीची, दुसरी प्राध्यापकाची, आणि दोघंही दिल्लीचे! फोटो मात्र खैरलांजीचा, काकांच्या गावचा.

"अन् माहे बैल काय खातीन, हे कोनी इचारलं?"

"कोनीच नाही, काका."

त्यांनी माझ्या खिशातला पेन ओढला, फोटोखाली ठळक लिहिलं, 'आमाले इचारलं नाही', आणि त्यावर वाचनालयाचा शिक्का मारला.