पत्रकातला डोळा

पत्रकावर आमच्या कुत्रीच्या डोळ्याचा फोटो मीच टाकला. लालभडक, सुजलेला डावा डोळा, वर निळसर साय धरल्यासारखी, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘हा वास आपलं काय करतोय ते बघा.’ आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबांच्या युनियनची, आत्याच्या दारूबंदीची. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. कारखान्यांच्या वासाविरुद्ध लिहायचं तर फोटो कसा हवा, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. कुत्रीला डॉक्टरकडे न्यायचं मात्र पत्रकं रोहाभर, पार अष्टमीच्या पुलापर्यंत चिकटवून झाल्यावर सुचलं.

बाबांच्या कंपनीतल्या एका साहेबांनी बदली झाल्यावर मागे सोडलेली ही लांब कानांची कुत्री. बाबांनी तिला धाटावच्या एमआयडीसीतून घरी आणलं होतं. पेणच्या डॉक्टरबाई जनावरांच्या डोळ्यांतला दाब मोजतात असं कळलं, तसे बाबा शिफ्ट संपवून, कपडे न बदलता गाडीत बसले.

“सगळ्या रोह्यानं हिचा डोळा बघितला गो,” ते वडखळच्या अलीकडे म्हणाले, “फक्त डॉक्टरनं नाय.”

मी मनात पुढचं पत्रक लिहीत होते. त्यात एक आकडा हवा होता. मोठा.

डॉक्टरबाईंनी डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकला आणि पेनासारखं यंत्र बुबुळाला टेकवत राहिल्या. आकडा पन्नासच्या वर गेला.

“काचबिंदू. दाब पंचविसाच्या आत हवा. हा डोळा आता बघत नाही.”

“वासामुळे?”

“नाही. या जातीत हे आईबापाकडूनच येतं. लाल कधीपासून होता?”

“पत्रक काढायच्या आधीपासून,” बाबांनी सांगितलं.

“तेव्हाच आणली असती तर कदाचित वाचवता आला असता.”

मग उजवा डोळा. आकडा तिशीच्या पुढे. वाटेत मला हवा होता तसाच. डॉक्टरबाईंचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

“मान सोडा तिची. गळा आवळला की डोळ्यातला दाब वाढतो.”

माझी बोटं पट्ट्यात घट्ट अडकली होती. मी पट्टाच काढला. बाबांनी तिच्या हनुवटीखाली तळवा धरला. “मी हाय गो, हाय मी.” पुन्हा मोजलं. अठरा.

“हा ठीक आहे, पण भरवसा नाही. थेंब रोज, कायमचे. मोजायला येत राहा. गळ्याला पट्टा नको, छातीचा घ्या.”

बाहेर बाकावर मांडीवर मांजर घेऊन एक बाई बसली होती. “वासानं आंधळी झालेली ती हीच ना गो? रोह्याला वाचलं मी.”

“नाय,” मी म्हणाले. “काचबिंदू हाय तिला. मी आणायला उशीर केला.”

हेच मी पुढच्या पत्रकातही लिहिलं, वासाच्या मजकुराच्या आधी. आमच्या मोहिमेतले काही जण चिडले. आता आपलं ऐकणार कोण, म्हणाले. त्यांचं चूक होतं असंही नाही.

थेंब आता मीच टाकते. हनुवटीखाली हात धरते, गळ्याला लावत नाही. ती मान वळवत नाही, उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहते. विश्वासाने. थेंब पडेपर्यंत मला तिच्याकडे बघावंच लागतं.