भात्याचं ठिगळ

धाकट्याला लोखंडाचं ऐकू येतं, असं आमचा बाप आल्यागेल्याला सांगायचा. माझ्याबद्दल तो काही सांगत नसे. आम्ही लोहार, गाव नेकनूरच्या अंगाला. धाकटा भात्यावर राहिला; मी औरंगाबादेला जाऊन मोटार चालवायला शिकलो आणि गावच्या मालकांचा डायवर झालो. आसपासच्या गावांत मोटार एकच, ती चालवणाराही मी एकच. निदान तेवढं तरी माझं एकट्याचं होतं.

एका सकाळी मोटार चालू केली तर अशी भडाडली की गोठ्यातल्या बैलांनी दावी तोडली. दुसऱ्या दिवशी मालकांना बीडला तालुकदारसाहेबांच्या दावतीला जायचं होतं. मी वरवर बघितलं आणि ठसक्यात सांगून टाकलं, "मागचा सायलेन्सर गेला, मालक. नवा हैदराबादेहून आणावा लागंल."

मालकांनी धाकट्याला बोलावणं धाडलं. मला न विचारता.

तो आला एक ओलं पोतं आणि टोपलीभर राख घेऊन.

"राख कशाला आणलीस रं? मोटार हाय ही, तवा न्हाई घासायचा."

तो हसला. "भात्याची चीर अशीच घावती, दादा. तू चालू कर."

त्यानं धूर बाहेर टाकणाऱ्या नळीच्या मागच्या तोंडात पोतं कोंबलं, गाडीखाली सरपटत शिरला आणि नळीवर राख भुरभुरत पुढं सरकत गेला. मी इंजन चालू केलं. राख सगळीकडं बसून राहिली. फक्त पुढं, इंजनापाशी, फुर्रकन उडाली. तिथं बोटभर चीर होती. सायलेन्सर धडधाकट होता. इंजन चाललं असेल दहावीस श्वास, नळी तापायच्या आतच मी बंद केलं.

मालकांनी माझ्याकडं पाठ केली. मग धाकट्याला म्हणाले, "तुझ्या हाताला कान हायेत रे," आणि स्वतःचा पानाचा डबा उघडून त्याला पान दिलं. दोन वर्षं मी त्यांना घेऊन हिंडत होतो. त्या डब्याचं झाकण माझ्यासाठी कधी उघडलं नव्हतं.

धाकटा घरी जाऊन शेळीच्या कातड्याचा तुकडा घेऊन आला. भाता फाटला की आम्ही कातड्याचंच ठिगळ लावतो. त्याच्या लेखी हाही भाताच. नळीला हात लावून तो थोडा थांबला. पानानं लाल झालेल्या तोंडानं मला विचारलं, "दादा, हे लई तापत न्हाई न्हवं?"

माझ्या मनगटावर नळीच्या त्याच जागेनं भाजल्याचा डाग होता, मोटार शिकतानाचा. कोस दोन कोस गेलं की तिथं विडी पेटते, हे मला ठाऊक होतं. मी बाही खाली ओढली.

"धूर कितीसा तापंल?" मी म्हणालो.

त्यानं कातडं गुंडाळलं, वर रॉकेलच्या डब्याचा पत्रा, वर तार पिळली. चालू करून बघितलं; आवाज बसला. मालक बाहेर आले, आवाज ऐकून खूश होऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत वास सुरू झाला. मालक नाकाला रुमाल लावून मागं बसले होते, मी हाकत होतो. बीडला दावतीच्या फाटकात शिरलो तेव्हा कातडं जळून गेलं होतं, मोटार पुन्हा भडाडत होती आणि मेलेलं जनावर जाळल्यासारखी घाण सुटली होती. मोठमोठी माणसं शेरवान्या सावरत बाजूला झाली. कुणीतरी हसलं.

परतल्यावर मालकांनी धाकट्याला अंगणात उभं केलं. "कातडं? माझ्या गाडीला कातडं लावलंस?"

मी चार हातांवर होतो. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगणार, दादाला विचारूनच लावलं म्हणून.

"चुकलं, मालक," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून मालकांचे नांगर, बैलगाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा, सगळं काम शेजारच्या गावच्या लोहाराकडं गेलं. मी चिरेवरची कातड्याची राख खरवडली, मीठ घातलेली चिकणमाती लिंपली, वर पत्रा घालून लोखंडी पट्टी आवळली. पट्टी धाकट्यानंच घडवून दिली. तसं मी मालकांना सांगितलं नाही. त्यांनी डबा उघडून मला पान दिलं. खोटं कशाला बोलू, गोड लागलं.

याला लई वर्षं झाली. धाकट्याला वाटतं, त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हतं. पुढं मी पुष्कळ शिकलो, असं तो लोकांना कौतुकानं सांगतो. आता त्याच्याकडं पाण्याची इंजनं येतात, पिठाच्या गिरणीचे भाग येतात. कशालाही हात घालण्याआधी तो मला बोलावणं धाडतो आणि विचारतो, "दादा, हे कितपत तापतं?"

मी खरं सांगतो. दर वेळी खरं सांगतो, आणि दर वेळी बाही खाली ओढतो.

त्याला वाचता येत नाही. हे लिहिलेलं मलाच त्याला वाचून दाखवावं लागेल, आणि वाचताना बाही वर ठेवावी लागेल.