पालथी पानं

मला सगळं कळतं, हा माझा जुना आजार आहे. सांगलीत शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे तो आणखी बळावलेला. शाळेतली वीस जुनी मशीन मी एकटीनं विंडोजवरून लिनक्स या फुकटच्या, हलक्या प्रणालीवर नेली होती. मग पाटणजवळ माहेरी आबांचा कॉम्प्युटर रडतखडत चालताना पाहून माझे हात शिवशिवले नसते तरच नवल.

आबा म्हणजे माझे वडील. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घेतला. सकाळी गावातल्या माजी सैनिकांचे अर्ज टाइप करायचे आणि दुपारी चारला चहाबरोबर पत्ते. सात ढीग लावून, राजापासून खाली एकावर एक पान चढवत जायचा, एकट्यानं खेळायचा तो खेळ. एकट्यानं आपलं म्हणायला. शेजारी आई शेंगा फोडत बसायची, आणि माऊस त्यांच्या हातात असला तरी खेळायची तीच. "आवं, काळी नव्वी दिसत न्हाई व्हय?" ते मुद्दाम दुसरंच पान उचलायचे आणि तिची बोलणी खायचे. निम्मा संसार सीमेवर गेलेला. शेजारी बसायचं राहून गेलेलं ती दोघं तिथं भरून काढत होती, हे मला फार उशिरा कळलं.

आबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. आई चारला अजूनही कॉम्प्युटर लावायची, दहा मिनिटं बघत बसायची आणि बंद करायची. फोटो बघत असेल, असं मी धरून चालले होते. तिच्या मागे जाऊन मी कधी उभीच राहिले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागले. विंडोज इतकं जुनं की बँकेचं पानसुद्धा उघडेना. आईला विचारलं, "यातलं काय काय ठेवू?"

"त्यांचं हाय तेवढं सगळं ऱ्हाऊ दे."

मी सगळं ठेवलं. फोटो, पलटणीच्या मेळाव्याचे व्हिडिओ, अर्ज, अगदी किराण्याची यादीसुद्धा. दोन पेनड्राइव्हवर दोन प्रती. मग डिस्क पुसली आणि लिनक्स घातलं. तासाभरात मशीन पळायला लागलं आणि मी स्वतःवर खूश झाले.

चारला आई येऊन बसली. "पत्ते कुठं हायत?"

मी तयारच होते. तोच खेळ घातला होता, चष्म्याशिवाय दिसतील अशा मोठ्या पानांचा. उघडून दिला. सात ढीग लागले.

"ह्यो न्हवं. त्यांचा."

"अगं, तोच खेळ आहे हा."

"खेळ त्योच असंल. डाव त्यांचा न्हाई."

मग तिनं सांगितलं. आबांच्या छातीत कळ आली तेव्हा डाव अर्ध्यावर होता. कराडला न्यायला गाडी दारात आली, तर म्हणाले, "मोडू नको गं, आल्यावर बघू," आणि खेळ स्वतःच्या हातानं बंद केला. विंडोजमधला तो खेळ अर्धा डाव आहे तसा जपून ठेवायचा. आबा परत आलेच नाहीत. दीड वर्ष ती रोज तो उघडायची आणि एकही पान न हलवता मिटायची.

"काळी नव्वी लाल दश्शीवर जातीया, मला दिसतंय की. ते येणार न्हाईत हे बी कळतंय. पर हात न्हाई लावला."

तो डाव विंडोजच्याच पोटात साठवलेला, माझ्या कुठल्याच प्रतीत नव्हता. दोन दिवस मी त्या डिस्कवर येतं ते सगळं करून पाहिलं. काही हाती लागलं नाही. आईनं शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

तिसऱ्या दिवशी कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला आणि तिला घेऊन जमिनीवर बसले. "सांग, कसा होता."

ती अडखळलीसुद्धा नाही. पहिल्या ढिगात बदामचा राजा, त्याच्यावर किलवरची राणी. तिसऱ्यात चौकटची दश्शी, तिच्याखाली दोन पालथी पानं. शेवटच्यात इस्पिकची नव्वी, खाली चार पालथी. सातही ढीग तिनं असे सांगितले. मी उघडी पानं लावत गेले आणि पालथ्यांपाशी थांबले.

"ही कुठली ठेवू?"

"ती काय म्हाईत? उघडायचीच ऱ्हायली."

हातातल्या गठ्ठ्यातली कुठलीतरी पानं मी न बघता पालथी घातली. इस्पिकच्या नव्वीवर आईनं बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"त्यांचा सुटला असता का गं?"

त्याचं उत्तर त्या डिस्कवर होतं, आणि ती मी पुसली होती. तरी मी म्हणाले, "सुटला असता."

तिचा चेहरा एकदम उजळला. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "व्हय? तुला कसं कळलं?"